फील्डवरची सहा वर्षं वाया जात नाहीत: समुदाय विकास आणि मूल्यमापनातल्या प्राध्यापकीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचं एमएसडब्ल्यू ग्रामीण समुदाय विकासात झालंय, वय ३१. मराठवाड्यातल्या एका संस्थेत सहा वर्षं पाणलोट आणि बचत गटांचं काम केलं. सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राज्याची पात्रता परीक्षा, पास आहेत. आता पीएचडी करावी, प्राध्यापक व्हावं आणि विकास कार्यक्रमांचं मूल्यमापन हाच विषय घ्यावा असं त्यांच्या मनात आहे. पण गणित कच्चं, वय पुढे चाललेलं आणि घरचे म्हणतात, आता कायमची नोकरी बघ. असं काही क्षेत्र खरंच आहे का आणि त्यात इतक्या उशिरा शिरता येतं का, असं त्या विचारतात.

मी समाजकार्याच्या महाविद्यालयात २४ वर्षं शिकवते आहे. त्याआधी पाच वर्षं तुमच्यासारखीच संस्थेत होते, मोटारसायकलच्या मागे बसून वाड्यावस्त्या फिरत. म्हणून तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी खोडते. ‘सहा वर्षं फील्डवर गेली, अभ्यासाच्या दृष्टीने वायाच,’ असं तुम्ही लिहिलंय. माझा अनुभव नेमका उलटा आहे. या विषयात पीएचडीला येणाऱ्या मुलामुलींकडे सगळ्यात कमी काय असतं, तर हेच. सॉफ्टवेअर तीन महिन्यांत शिकता येतं. हजेरीपटावरच्या वीस सह्या एकाच हाताच्या आहेत हे ओळखणं, गटाच्या बैठकीत कोण बोलल्यावर बाकीच्या गप्प होतात ते टिपणं, पाहुणे येणार म्हटलं की कोणत्या शेतावर नेतात आणि कोणत्या वस्तीवर कधीच नेत नाहीत हे ठाऊक असणं, याला वर्षं लागतात. ती तुम्ही दिलेली आहेत.

मूल्यमापन म्हणजे काय हे मला एका विहिरीवर कळलं. महाविद्यालयातल्या नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. एका पाणलोट प्रकल्पाचा शेवटचा अहवाल करायचं काम आमच्याकडे आलं. सुरुवातीची मोजणी, म्हणजे बेसलाइन, संस्थेने स्वतःच केली होती. गावातल्या विहिरी आणि प्रत्येकीतली पाण्याची पातळी असा तक्ता होता. आम्ही त्याच विहिरी पुन्हा मोजत निघालो. टेपच्या टोकाला लोखंडी वजन बांधायचं, खाली सोडायचं, पाण्याला टेकल्याचा आवाज आला की काठावरचा आकडा वाचायचा. जवळजवळ सगळीकडे पाणी चढलेलं. मी खूश होते, अहवालातला आलेख डोळ्यांपुढे दिसू लागला होता. शेवटच्या विहिरीच्या थारोळ्यावर एक म्हातारे शेतकरी आमचं काम बघत बसले होते. त्यांना विचारलं, बाबा, बंधाऱ्यामुळे किती फरक पडला? ते म्हणाले, “बाई, तुम्ही मोजायला आलाय दिवाळीच्या तोंडावर. दिवाळीला कुणाची हीर रिकामी असती का? आन् यंदा पाऊसच असा झाला, वरच्या गावालाबी पाणी हाय. तिथं कुठं बंधारा हाय?”

रात्री मुक्कामी फाइल उघडली. बेसलाइन मे महिन्यातली होती. उन्हाळ्यात तळाला गेलेलं पाणी पावसाळ्यानंतरच्या पाण्याशी ताडून पाहिलं, तर कुठलाही प्रकल्प यशस्वीच दिसणार. एक दगडही न रचता दिसणार. दुसऱ्या दिवशी वरच्या गावात गेलो आणि तिथल्या विहिरी मोजल्या. तालुक्याच्या ठिकाणी जाऊन मंडळनिहाय पावसाचे आकडे काढले. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या नोंदी मिळवल्या. सगळं शेजारी शेजारी मांडल्यावर दिसलं की चढलेल्या पाण्याचा मोठा वाटा पावसाचा होता. मग एप्रिलमध्ये, कुणी पैसे देणार नव्हतं तरी, आम्ही दोन्ही गावांत परत गेलो. तेव्हा फरक दिसला. लहान होता, पण खरा होता. बंधाऱ्याजवळच्या विहिरी वरच्या गावापेक्षा उशिरापर्यंत टिकून होत्या. चढावरच्या वस्तीला मात्र काहीच मिळालं नव्हतं, आणि ती वस्ती भूमिहीनांची होती.

काम देणाऱ्यांना हे आवडलं नाही. ‘वरच्या गावाचं प्रकरण अहवालात नको, ते आपल्या कक्षेत येत नाही,’ असा निरोप आला. आम्ही ते काढलं नाही. शेवटचा हप्ता अडकला, तो आजतागायत आला नाही. पण माझा पगार महाविद्यालयातून येत होता, म्हणून मला नाही म्हणता आलं. त्याच संस्थेत मी कार्यकर्ती असते, किंवा त्या हप्त्यावर घर चालणारी कन्सल्टंट असते, तर ते प्रकरण गळालं असतं. तेव्हा मी हिमतीची होते अशातला भाग नाही. माझी जागा तशी होती, एवढंच. तुमच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर हेच आहे: या क्षेत्रात प्राध्यापकीला मोल आहे ते या मोकळीकीसाठी. खरं लिहिता येणं, ते छापता येणं आणि त्याच गावात पाच वर्षांनी पुन्हा जाता येणं. ही मोकळीक नको असेल तर संस्थांमध्ये आणि सल्लागार कंपन्यांमध्ये पैसा जास्त आहे, कामही भरपूर आहे.

त्या बाबांनी जे विचारलं त्याभोवतीच हा सगळा विषय फिरतो. हा कार्यक्रम झालाच नसता तर काय झालं असतं? बचत गटातल्या बाईचं उत्पन्न वाढलं, ठीक. पण गटात नसलेल्या तिच्या जावेचंही वाढलं का? आपल्या महाराष्ट्रात याचं सगळ्यात चोख उदाहरण गडचिरोलीचं. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत राबवली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. जन्म आणि मृत्यू दोन्हीकडे मोजले. कार्यक्रमाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला, तुलनेच्या गावांत तशी घट नव्हती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला. पुढे २०११ मध्ये सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेली. ती ४७ गावं नसती, तर ‘तेव्हा सगळीकडेच मृत्यू कमी होत होते’ असं म्हणून कुणीही तो आकडा बाजूला सारला असता. त्या ४७ गावांचं आपण काय देणं लागतो, हा प्रश्नही तिथूनच सुरू होतो. माझ्या वर्गात दरवर्षी एक अख्खा तास त्यावर जातो आणि तो पुरत नाही.

चिठ्ठ्या टाकून काही शाळांना कार्यक्रम द्यायचा, काहींना नंतर द्यायचा, ही पद्धतही आपल्याकडे मुंबईत गाजली. ‘प्रथम’ या शिक्षणातल्या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा, म्हणजे मागे पडलेल्या मुलांना वेगळं शिकवण्याचा, अभ्यास २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांमध्ये असाच झाला. तो करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तेव्हापासून मुलं माझ्याकडे येतात ती ‘मॅडम, मला आरसीटी करायची आहे’ असं म्हणतच. चिठ्ठ्या टाकून केलेल्या अशा अभ्यासालाच आरसीटी म्हणतात. करा की. पण पाणी चिठ्ठ्या टाकून वाहत नाही, उताराने वाहतं. तुम्ही वरच्या गावात नाला अडवला की खालच्या गावाच्या विहिरींवर परिणाम होणार, मग तुमचं ‘तुलनेचं गाव’ तुलनेचं राहतच नाही. पाणलोटात काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. अर्थशास्त्रातून थेट आलेल्याला सांगावं लागतं.

जलयुक्त शिवार या राज्य सरकारच्या जलसंधारण अभियानावर साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाल्यावर २०२० मध्ये कॅगच्या अहवालाने म्हटलं की भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा परिणाम फारसा दिसत नाही. त्यावर किती वाद झाला ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. एक बाजू बंधाऱ्यात साठलेल्या पाण्याचे फोटो दाखवत होती, दुसरी भूजलाचे आकडे. पावसाचा वाटा वेगळा काढून, गावागावात फिरून, सावकाश केलेले अभ्यास मराठीत किती निघाले? फार थोडे. ती जागा रिकामी आहे आणि ती कुणीतरी मराठवाड्यातल्या माणसाने भरावी असं मला मनापासून वाटतं.

मूल्यमापन हे परदेशी डोनरांनी आणलेलं खूळ आहे, असं संस्थांमध्ये नेहमी ऐकू येतं. तुम्हीही ऐकलं असेल. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच महिन्यात नियोजन आयोगाखाली कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी राहिली. सुरुवातीच्या काळात तिचे संचालक होते पुण्याचे अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे. म्हणजे विकासाचा कार्यक्रम आणि त्याची तपासणी आपल्याकडे एकाच महिन्यात जन्मली. आज आपण ज्यांना बीडीओ साहेब म्हणतो ते गटविकास अधिकाऱ्याचं पद त्या कार्यक्रमाच्या गट रचनेतून आलं. लोकांचा सहभाग मिळत नाही, सगळं सरकारी यंत्रणेवरच चाललंय, हे निष्कर्ष पुढे आल्यावर १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने त्रिस्तरीय पंचायत राज सुचवलं, आणि आपल्या राज्यात १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. इतकं मोठं वळण तपासणीतून निघू शकतं. ती जुनी संघटना २०१५ मध्ये नीती आयोगाच्या विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालयात विलीन झाली.

आता गणिताची भीती. ही मी हलक्यात घेत नाही, कारण माझीही होती. बीए मराठी करून मी समाजकार्यात आले. पण लागणारं गणित फार नाही आणि तुमच्या अनुभवाने त्याचा अर्थ लवकर कळतो. एकच उदाहरण देते. समजा तुम्हाला ३०० घरांचं सर्वेक्षण परवडतं. एक मार्ग म्हणजे पाच गावं आणि प्रत्येकी ६० घरं. गाडीखर्च कमी, सर्वेक्षक खूश. दुसरा म्हणजे वीस गावं आणि प्रत्येकी १५ घरं. दोन्हीकडे ३०० प्रपत्रं भरून येतात, तरी माहिती सारखी मिळत नाही. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. तीच विहीर, तोच सरपंच, तोच बाजार. या सारखेपणाला एक आकडा असतो, तो समजा ०.०५ धरला. मग प्रत्येक गावातल्या घरांच्या संख्येतून एक वजा करायचा, त्याला ०.०५ ने गुणायचं, एक मिळवायचा, आणि त्याने ३०० ला भागायचं. पहिल्या मार्गात भाजक ३.९५ येतो, म्हणजे तुमची ३०० घरं जेमतेम ७६ घरांएवढं सांगतात. दुसऱ्यात भाजक १.७ येतो आणि तीच ३०० घरं सुमारे १७६ घरांएवढं सांगतात. बस, एवढंच. गुणाकार-भागाकार आठवीचा आहे. अवघड आहे ते ‘गाव म्हणजे सारखेपणा’ हे समजणं, आणि ते तुम्हाला कळतंच.

सराव फुकट करता येतो. आर हे सॉफ्टवेअर मोफत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची, म्हणजे २०१९-२१ ची घरनिहाय माहिती नोंदणी करून मागवता येते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचीही मिळते. आपला जिल्हा घ्या, एक साधा प्रश्न घ्या, रोज एक तास बसा. सहा महिन्यांत हात बसतो. मुलाखती आणि गटचर्चा यांना मात्र सोपं समजू नका. संस्थेत असताना आपण बायकांशी बोलतो ते काम पुढे नेण्यासाठी. संशोधक म्हणून बोलायचं ते आपलं मत बाजूला ठेवून. ही सवय मोडायला मला सॉफ्टवेअरपेक्षा जास्त वेळ लागला.

नोकरीचं आता सरळ सांगते. सहायक प्राध्यापकाची कायम जागा मिळाली तर सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० रुपये, भत्ते वेगळे. २०२३ च्या जुलैपासून या पदासाठी नेट, सेट किंवा तत्सम परीक्षा ही किमान अट आहे, म्हणजे पीएचडी नसतानाही अर्ज करता येतो. पण निवडीत पीएचडी आणि प्रकाशनं यांनी फरक पडतोच, शिवाय मूल्यमापनाची कामं महाविद्यालयाकडे येतात ती पीएचडी झालेल्यांच्या नावावर. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर दरमहा ३७,००० मिळतात, म्हणून सेट असली तरी नेटला पुन्हा बसा. तिशी ओलांडल्यावर जेआरएफसाठी वयाची अट आडवी येते, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना सवलत आहे, ती तपासून या वर्षीच अर्ज करा. हे पुढच्या वर्षावर ढकलू नका.

आणि सीएचबी. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे सेट-नेटधारक तुमच्या ओळखीत असतील. दिवसाला दोन-तीन तास, सुट्टीत बिल नाही, दर जूनला पुन्हा मुलाखत. मी वर जी मोकळीक म्हणाले ती सीएचबीवर मिळत नाही, आणि ही गोष्ट मला फार लागते. संस्थाचालकांचे प्रकल्प आणि महाविद्यालयाचा अहवाल एकाच टेबलावर असताना तासिकेवरचा माणूस काय वेगळं लिहिणार? म्हणून माझा आग्रह आहे की पीएचडी लागेपर्यंत संस्थेतली नोकरी सोडू नका, आणि नंतर फक्त सीएचबीच्या भरवशावर राहू नका. संशोधन संस्थांमधली प्रकल्प-सहायकाची कामं, यशदासारख्या सरकारी प्रशिक्षण संस्थांमधले वर्ग, सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीतून चालणाऱ्या प्रकल्पांचे अभ्यास यांची जोड ठेवा.

सीएसआरमुळे या कामाला बाजार नक्कीच आला. २०२१ च्या नियमबदलापासून, ज्या कंपनीचं सरासरी सीएसआर दायित्व १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिला एक कोटी आणि वरच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. काम आलं, पण घाईचंही आलं. प्रकल्प संपल्यावर फोन येतो, बेसलाइन नसते, दोन महिन्यांत रंगीत अहवाल हवा असतो. अशी कामं घ्यायची की नाही? मी घेते, दोन अटींवर. तुलनेची एक तरी वस्ती घेणार, आणि निष्कर्ष गावात वाचून दाखवणार. करारात लिहून घेते. निम्मे लोक तिथेच थांबतात. उरलेल्यांबरोबर चांगलं काम होतं.

गाईड निवडताना त्यांच्या नावापेक्षा त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले आणि आज काय करतात हे विचारा. विद्यार्थ्यांनाच विचारा. गाईड स्वतः शेवटचे कधी गावात मुक्कामी राहिले, हेही. टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), कर्वे समाजसेवा संस्था, निर्मला निकेतन, गोखले इन्स्टिट्यूट ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत. तिथे प्रवेश झाला तर ग्रंथालय आणि सोबत दोन्ही चांगली मिळते. पण जिल्ह्याजवळच्या विद्यापीठात जागता गाईड मिळाला तर तो सोडू नका. पैसे घेऊन महिन्याभरात छापणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागू नका. पहिला लेख मराठीत लिहिला तरी चालेल, उलट मी म्हणेन मराठीतच लिहा, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना तो वाचता येईल.

विषयाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. ‘महाराष्ट्रातील महिला सक्षमीकरण: एक अभ्यास’ असला विषय घेऊ नका, तो कुणालाच संपवता आलेला नाही. तुम्ही सहा वर्षं ज्या गावांत काम केलं तिथून सुरुवात करा. स्वतःच्या संस्थेचं मूल्यमापन स्वतः करण्यात अडचण आहे, ती प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात उघडपणे लिहा. किंवा संस्था बाहेर पडून पाच-सात वर्षं झाली अशी गावं घ्या. प्रकल्प संपल्यावर काय उरतं, बंधाऱ्यातला गाळ कुणी काढला, गट अजून बसतो का, हिशेबाची वही कुणाच्या घरी आहे. प्रकल्प संपल्यावर तिकडे पैसा येत नाही, म्हणून बघायला सहसा कुणी जात नाही.

त्या विहिरीच्या गावात आम्ही अहवाल ग्रामसभेत वाचला. चढावरच्या वस्तीतून चार-पाच बायका आल्या होत्या, मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या वस्तीला काही मिळालं नाही हे वाक्य वाचल्यावर त्यातली एक म्हणाली, “हे लिवलंय का त्यात? दाखवा.” तिला वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून ती ओळ दाखवली. तिने त्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं आणि ग्रामसेवकाला म्हणाली, हा कागद आम्हाला पण पायजे. झेरॉक्स काढून दिली. पुढच्या वर्षी वस्तीवर हातपंप आला, तो त्या कागदामुळे आला असं मी म्हणणार नाही, निवडणूकही होती.

या आठवड्यात एक काम करा. तुम्ही राबवलेल्या एका कार्यक्रमाबद्दल एक पान लिहा: काय केलं, कुणासाठी केलं, ते झालं नसतं तर काय झालं असतं असं तुम्हाला वाटतं, आणि तसं का वाटतं. तेच पान घेऊन गाईडकडे जा. पीएचडीच्या मुलाखतीत तुमचं वय विचारलं तर तेच पान पुढे ठेवा.